घराच्या उजव्या बाजूचा ढीग

शनिवारी अकुमूच्या होणाऱ्या सासरची माणसं यायची होती, आणि बुधवारी सकाळी अपोंदीच्या नव्या संडासाने आजवर घेतलेलं सगळं परत द्यायला सुरुवात केली.

आधी नुसता आवाज आला. चिखलात रुतलेल्या गायीने पाय उपसावा तसा. मग अकुमू ओरडली, "आई, पाणी खाली जात नाहीये!"

"थोडं थांब, जाईल."

"आई, ते वर येतंय!"

अपोंदी धावत गेली. भांडं काठोकाठ भरलं होतं आणि मधोमध एक बुडबुडा निवांत बसला होता, घरच्या जावयासारखा. तिने झाकण दाबलं, त्यावर दळणाचा दगड ठेवला आणि दाराला बाहेरून कडी घातली. घरात चोर शिरला असता तरी तिने एवढी घाई केली नसती. चोराचं गावात सांगता तरी येतं.

हा संडास काही साधा नव्हता. साखळी ओढली की पाणी सुटणारा, पांढराशुभ्र, आमच्या कानोच्या मैदानातल्या त्या वस्तीतला पहिला. होणारी विहीण रोझबेला किसुमू शहरात शाळेची मोठी बाई, तिच्या घरी असले दोन आहेत, हे अपोंदीच्या कानावर आलं तेव्हाच हिने ठरवलं, आपल्याकडे एक तरी हवाच. फेब्रुवारीत वरच्या डोंगरातला, लाल मातीत वाढलेला गवंडी बोलावला. त्याने टाकी बांधली, टाकीपुढे शोषखड्डा खणला आणि त्यात एक बादली पाणी ओतलं. पाणी गेलं. दुसरी ओतली. तीही गेली. तिसरी ओतेपर्यंत दुसरीची ओलसुद्धा राहिली नाही.

"मावशी," गवंडी म्हणाला, "तुमची जमीन तर लग्नात फुकटची बिअर मिळाल्यासारखी पिते!"

अपोंदीचा नवरा ओल्वेनी तेव्हा आंब्याखाली बसला होता. तो सहसा आंब्याखालीच बसलेला असे. तो म्हणाला, "उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, कोंबडी आत पडेल एवढ्या. पाणी मातीत जात नाही, भेगेत जातं. पाऊस लागला की माती फुगते, भेगा मिटतात, मग ही जमीन म्हणजे मडकं. तिला एप्रिलात विचार."

"तुम्ही बोलू नका," अपोंदी म्हणाली. "चाळीस वर्षांत एक खड्डा तरी खणलात का?"

"खणला नाही म्हणून तर कळतं, कुठे खणू नये."

आता काळ्या मातीचं हे वागणं अपोंदीला ठाऊक नव्हतं असं नाही. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण गोष्ट ओल्वेनीने सांगितली की ती चूकच असणार, हाही त्या घरातला चाळीस वर्षांचा नियम होता. संडास झाला. चर्चच्या गाणाऱ्या बावीस बायकांना अपोंदीने रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीपुढे साखळी ओढून दाखवली. शेजारची न्यार सेमे, म्हणजे सेमे गावची लेक, वाकून बघत म्हणाली, "पण बाई, हे पाणी जातं कुठे?"

"तुझ्याकडे येत नाही ना? मग झालं."

आणि आता एप्रिल होता. पंधरा दिवस पाऊस कोसळत होता. जमिनीने तोंड मिटलं होतं. जुन्या पत्र्याच्या संडासाचा खड्डा कधीच भरला होता आणि त्यात बेडूक संसार थाटून होते. ओल्वेनी घरी नव्हता. सोमवारी पहाटेच्या पहिल्या मटाटू गाडीने तो गुपचूप किसुमूला गेला होता, दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढायला. गुपचूप अशासाठी, की बैल पारखावा तर ओल्वेनीने, असं पंचक्रोशीत मानत, आणि गेलं वर्षभर त्याला बैल आणि बाभूळ यांतला फरक फक्त हंबरण्यावरून कळत होता. आमच्याकडे नवऱ्याकडचे मुलीसाठी गुरं देतात; ती घेऊन व्याही शनिवारी येणार. ती मुलीच्या बापाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावीत म्हणून ही धावपळ. "कोणाला बोलू नका," अपोंदीने बजावलं होतं. "आंधळ्याला गुरं दाखवली, असं लोक आयुष्यभर म्हणतील."

बुधवारी दुपारी अपोंदीच्या निरोपावरून आरोग्य खात्यातली नासिमियूबाई मोटरसायकलवरून आली. तरणीताठी पोर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने शोषखड्ड्यात काठी घातली, काठी बाहेर काढली, नाक मुरडलं नाही. तिथेच अपोंदीला ती आवडली.

"मावशी, हा खड्डा नाही, हा हौद झालाय. या मातीत खाली पाणी मुरणार नाही. खाली जात नसेल तर आपण वर जायचं."

"वर कुठे? आभाळात?"

"जमिनीच्या वर वाळू आणि खडीचा ढीग करायचा. टाकीतला गाळ टाकीतच राहील, वरचं पाणी छोट्या पंपाने त्या ढिगात सोडायचं. वाळूतून झिरपताना ते स्वच्छ होतं, मग हळूहळू पसरतं, सुकतं. वरून माती, मातीवर गवत. वास नाही, काही नाही. नीट सांभाळलात तर वीस वर्षं बघायला नको."

"शनिवारच्या आत होईल?"

"माणसं द्या, होईल. पण जागा उंच हवी, विहिरीपासून लांब." नासिमियू अंगणभर फिरली आणि घराच्या उजव्या बाजूला थांबली. "ही. ही एकच आहे."

अपोंदीचा चेहरा पडला. "तिथे नको."

"का?"

"तिथे आमचे हे आहेत."

नासिमियूने चटकन पाय मागे घेतला. "माफ करा. मला दिसलं नाही."

"आत्ता नाहीत. आत्ता किसुमूत आहेत. पण पुढे तिथेच यायचेत. नवरा उजवीकडे, बायको डावीकडे. तुमच्यात नसेल, आमच्यात असंच पुरतात."

"कधी यायचेत?"

"ते देवाला माहीत!"

"मग देव विचारेपर्यंत वापरा की, मावशी."

अपोंदीने एकदा दगडाखालच्या झाकणाकडे बघितलं, एकदा त्या जागेकडे, आणि मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली. तोंडाने माफी मागायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी वाळूचे दोन ट्रक आले. सहा मजूर लागले. मजूर लांबच्या गावचे होते आणि अपोंदीने त्यांना दम भरला होता, "कोणी विचारलं काय चाललंय, तर म्हणायचं घरचं काम. जास्त बोलाल तर जेवणात मासा नाही, नुसती मक्याच्या पिठाची उगाली." बावीस बायकांपुढे ओढलेली ती साखळी आता तिच्याच गळ्यात आली होती. वाडीचं फाटक दिवसाढवळ्या बंद झालं. आता आमच्याकडे दिवसा फाटक बंद दिसलं की लोक घरातल्या माणसांची डोकी मोजायला लागतात.

शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं. न्यार सेमेने निवडुंगाच्या कुंपणातून डोळा लावला. तिला काय दिसलं? घराच्या उजव्या बाजूला ताज्या मातीचा लांबट ढीग. ढिगाशेजारी दोन्ही हात डोक्यावर घेतलेली अपोंदी. ओल्वेनी सोमवारपासून बेपत्ता. फाटक बंद. आणि उद्या व्याही. घरात मयत झालं तर सोयरीक पुढे ढकलावी लागते, कधी वर्षभरही, हे न्यार सेमेला कोणी शिकवायला नको होतं. तिने डोळा काढला आणि थेट चर्च गाठलं.

"पुरला! बाईने नवऱ्याला गुपचूप पुरलं! ना रडणं, ना गाणं, ना एक कप चहा!"

"अगं, पण ढीग केवढा आहे?"

"सहा पावलं लांब, कमरेएवढा उंच."

"ओल्वेनी एवढा कुठे होता?"

"जन्मभर बायकोने दाबून ठेवला. मेल्यावर पसरला असेल."

शनिवारी सकाळी आठ वाजता अपोंदी कोंबड्या सोलत असताना फाटकाबाहेरून पहिला हंबरडा आला. मग दुसरा. मग फाटकच आत आलं. बावीसच्या बावीस बायका, डोक्यावर हात, "ओल्वेनी रे, बैलांच्या राजा रे!" करत अंगणात शिरल्या, आणि त्यांच्यामागे पुरुष, काठ्या भाले घेऊन, गुरं हाकत. म्हातारा जाणता माणूस गेला की आमच्याकडे मृत्यूला गुरांनी पळवून लावतात. हे सगळं ठीक. पण ती गुरं सरळ नव्या ढिगाकडे निघाली.

अपोंदीने अर्धी सोललेली कोंबडी टाकली, मुसळ उचललं आणि ती ढिगावर चढून उभी राहिली. "खबरदार! याच्यावर एकाही खुराचा ठसा उमटला तर बघा! आत पाइप आहेत!"

गुरं थांबली. बायका थांबल्या. मग एकीने डोक्याच्या रुमालाने डोळे टिपले. "बघा गं. जिवंतपणी शिव्या घातल्या, पण आता कशी राखण करतेय!"

"कसली राखण? कोण मेलंय?"

ओल्वेनीचा चुलतभाऊ जाओको पुढे आला. वस्तीतला सगळ्यात जुना माणूस, आणि आपण जुने आहोत याची तो दर वाक्याला आठवण करून देई. "वहिनी, मी तुझ्या लग्नातला माणूस. माझ्याशी खोटं बोलू नको. ओल्वेनी कुठे आहे?"

"किसुमूत! डोळ्याचं ऑपरेशन करायला गेलेत!"

"बैल पारखणाऱ्याला डोळ्याचं ऑपरेशन?" जाओकोने मान हलवली. "मग या ढिगात काय आहे?"

अपोंदीने बावीस बायकांकडे बघितलं. बावीस तोंडं उघडी होती. तिच्या जिभेवर खरं आलं होतं, पण ते दातांशी अडलं. "वाळू," ती म्हणाली.

"वाळू!" न्यार सेमेने ऊर बडवला. "ऐकलंत? दुःखाने डोकं फिरलं हो बिचारीचं!"

"काका, बाबा खरंच किसुमूत आहेत," अकुमू रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पोरीला पढवून ठेवलंय," जाओको म्हणाला. "आज सोयरीक ना. लाव, फोन लाव त्याला."

अकुमूने फोन लावला. सगळं अंगण कान देऊन उभं राहिलं. फोनमधली बाई म्हणाली, या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. परत लावला. तीच बाई, तेच. तिसऱ्या वेळी अपोंदीने फोन स्वतःच्या कानाला लावला आणि त्या बाईलाही दोन शब्द सुनावले, पण तिने उत्तर दिलं नाही.

तोवर शंभरेक माणसं जमली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. व्याह्यांसाठी केलेला भात मयताच्या पंगतीला गेला, कोंबड्या गेल्या, दुधाचा चहा दोन वेळा झाला. आणि चहा झाला की पुढचं होतंच. एक बाई उठली, कडी काढली, दगड बाजूला ठेवला आणि आत गेली. साखळीचा आवाज आला. घराच्या मागे पंप गुणगुणला. ती डोळे मिटून उभी राहिली. बुडबुडा नाही. दुसरी गेली. पंप गुणगुणला. मग रांगच लागली. माणसं ओल्वेनीसाठी रडत होती, चहा पीत होती आणि आत जाऊन येत होती, आणि अपोंदी ढिगावर बसून तळव्याने माती चाचपत होती. वर कोरडी. कडेला कोरडी.

"शेवटपर्यंत त्याच्यावरून हात फिरवतेय," बायका कुजबुजल्या.

अकरा वाजता व्याह्यांची गाडी आली. मागे ट्रकमध्ये सहा गाई. रोझबेलाबाई निळा पोशाख, मोठी टोपी घालून उतरल्या, अंगणातला आकांत बघितला आणि टोपी काढून हातात घेतली. त्यांचा मुलगा ओबोन्यो मागेच थिजला. अकुमूकडे त्याने बघितलं, आणि तिने तोंड ओढणीत लपवलं.

"आम्हाला कोणी कळवलं नाही," रोझबेलाबाई हळू म्हणाल्या. "अशा घरी गुरं उतरवता येत नाहीत. ट्रक परत फिरवा रे. आधी वर्ष सरू दे."

ट्रकवाल्याने इंजिन चालू केलं. मग मात्र अपोंदी मनात मोजायला लागली. फोन लागत नाही. जाऊन पाच दिवस झाले. म्हातारा माणूस, डोळ्याला सुरी. आणि त्याची जागा तर तिने स्वतःच उकरून घेतली होती. अशी जागा उघडली की मरण येतं म्हणतात. तिच्या तोंडून आपोआप सूर फुटला, आणि एकदा बायकोने तो सूर धरला की आमच्याकडे कोणी मध्ये बोलत नाही.

"ओल्वेनी, अहो, कुठे गेलात! मी तुम्हाला आळशी म्हटलं, आंब्याचं खोड म्हटलं! तुम्ही माझ्या हातचा करपलेला मासा चाळीस वर्षं गोड मानून खाल्लात! पुरात मला पाठीवर घेऊन नदी ओलांडलीत आणि मी वरून म्हटलं, जरा सरळ चाला! तुम्ही सांगितलं होतं, या मातीला एप्रिलात विचार! मी ऐकलं नाही! तुम्हीच बरोबर होता, अहो, तुम्हीच बरोबर होता!"

अंगणात एकही डोळा कोरडा नव्हता. म्हणजे, एक होता, पण त्याला पट्टी बांधलेली होती.

मागच्या रांगेत, चहाचा कप घेऊन, काळा चष्मा आणि त्याखाली एका डोळ्याला पांढरी पट्टी लावलेला एक पाहुणा बसला होता. तो नुकताच मोटरसायकलवरून उतरला होता. शेजारच्याने त्याला विचारलं होतं, "कुठले पाहुणे?" तो म्हणाला होता, "घरचाच." आता तो उठला, काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "अगं, शेवटचं वाक्य परत म्हण. डोळ्याला पट्टी आहे, नीट ऐकू आलं नाही."

बायका किंचाळून मागे सरल्या. न्यार सेमे कुंपणातच घुसली. जाओको खुर्चीवरून उठला, परत बसला, आणि म्हणाला, "मी जुना माणूस. मला आधीच शंका होती."

अपोंदी ढिगावरून धावत खाली आली. लोकांना वाटलं गळ्यात पडेल. तिने त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली. "फोन कुठाय तुमचा?"

"डॉक्टर म्हणाले, डोळ्याला त्रास नको, फोन बघू नका. मी बंद करून ठेवला."

"बंद करून ठेवला! इथे मी तुम्हाला पुरून बसले!"

"ते दिसतंय. चांगलं दिसतंय आता." ओल्वेनीने पट्टी सुटलेल्या डोळ्याने ढीग न्याहाळला. "मी तर इथे उभा आहे. मग माझ्या जागेवर कोण आहे?"

बावीस बायका. विहीण. ट्रकचं इंजिन. या वेळी ते दातांशी अडलं नाही. "संडासाचं पाणी," अपोंदी म्हणाली. "खड्ड्यातून परत वर आलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. म्हणून नासिमियूबाईने वाळूचा ढीग केला, त्यात सोडलंय. आणि सकाळपासून एवढं गाव आत जाऊन आलंय, एक थेंब वर आलेला नाही. आता हसायचं त्यांनी हसून घ्या, आणि माझ्या कोंबड्या परत द्या."

हसायला तोंड उघडलं होतं बऱ्याच जणींनी. पण त्याआधी रोझबेलाबाई पुढे आल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, तरी शाळेची बाई ती, शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच.

"विहीणबाई, आमच्याकडे दोन आहेत."

"माहीत आहे," अपोंदी ताठ झाली.

"दोन्ही परत देतात. पावसाळा लागल्यापासून. काल वरच्या इयत्तेची वही तपासत होते तर पायाखाली पाणी. आमचीही मातीच काळी." त्यांनी अपोंदीचा हात धरला. "त्या नासिमियूबाईचा नंबर द्या. आणि आधी, मी आत जाऊन येऊ का? वाटेतल्या आहेरो गावापासून थांबले आहे."

त्या गेल्या. सगळं अंगण ऐकत होतं. साखळी ओढली गेली. पंप गुणगुणला. अपोंदीने हनुवटी वर केली आणि एकेक करून बावीस बायकांकडे बघितलं. सावकाश.

मग गाई उतरल्या. ओल्वेनीने पट्टी नसलेल्या डोळ्याने एकेकीला निरखलं, शिंगावरून हात फिरवला, दातांत बघितलं आणि पाचवीपाशी म्हणाला, "ही म्हातारी आहे." व्याह्यांनी मुकाट्याने कबूल केलं, दुसरी देतो म्हणाले. रडायला आलेल्यांनी तोंड धुऊन सोयरिकीची गाणी धरली. गळे तापलेलेच होते. जाओकोने सगळ्यांसमोर सांगितलं, ज्याच्यासाठी जिवंतपणी रडतात त्याचं आयुष्य वाढतं, आणि अश्रू परत घेता येत नसले तरी चहा परत घेता येतो, तेव्हा आणखी एक कप.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर ओल्वेनी आंब्याखाली बसला होता आणि अपोंदी ढिगावर गवताचे तुकडे लावत होती.

"पण मला सांग," तो म्हणाला, "माझी जागा तर गेली. आता मी मेलो तर मला कुठे ठेवणार?"

"आता कसले मरताय?" ती गवत दाबत म्हणाली. "नासिमियूबाई म्हणालीय, हे वीस वर्षं हलवायचं नाही."

"म्हणजे वीस वर्षं?"

"वीस. त्याआधी सोय नाही."

ओल्वेनीने ढिगाची लांबी नजरेने मोजली. मग म्हणाला, "आणि नीट सांभाळलं तर?"

अपोंदीने त्याच्या हातात पाण्याची झारी दिली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओल्वेनी आंब्याखालून न कुरकुरता उठला.